पाश्चात्त्य गूढविद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य गूढविद्या म्हणजे नेमकं काय? भुताखेतांचा प्रकार का?

नाही. भुतंखेतं यात फार उशिरा आली. चौथ्या-पाचव्या शतकात चर्चने आणि पुढे सतराव्या-अठराव्या शतकात विज्ञानाने 'हे आपलं नव्हे' म्हणून जे जे बाहेर टाकलं, त्या सगळ्याचं हे गाठोडं आहे. त्यात हर्मिसच्या नावावरच्या पोथ्या आहेत, किमया आहे, फलज्योतिष आहे, ज्यूंच्या कबाला या गूढ परंपरेची ख्रिस्ती आवृत्ती आहे, रोझिक्रुशियन पत्रकं, टॅरो, थिऑसॉफी असं बरंच काही आहे. या सगळ्यांत समान धागा एवढाच, की विश्व हे निर्जीव यंत्र नसून जिवंत आहे, त्यातल्या गोष्टी एकमेकींशी छुप्या नात्याने बांधलेल्या आहेत आणि ते नातं ज्याला कळलं तो माणूस आतून बदलतो.

दुसरीही एक समान गोष्ट आहे आणि मला तीच जास्त मजेशीर वाटते. यातला प्रत्येक जण 'माझी विद्या सगळ्यात जुनी' असं सांगतो. तारखा तपासल्या की ती बहुतेक वेळा तेवढी जुनी निघत नाही. तरीही तिचा परिणाम होतो तो होतोच. खालच्या उत्तरांत हा प्रकार तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल.

मग याची सुरुवात कुठून धरायची?

बीज इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या अलेक्झांड्रियाच्या परिसरात आहे. तिथे ग्रीक तत्त्वज्ञान, इजिप्तचे देव आणि ज्यू विचार एकाच बाजारात नांदत होते. पण युरोपात ही गोष्ट खऱ्या अर्थाने पेटली ती १४६० च्या सुमारास, फ्लॉरेन्समध्ये.

तिथला धनाढ्य सत्ताधीश कोसिमो दे मेदिची याची माणसं जुन्या पोथ्या शोधत हिंडायची. त्यांच्यातल्या एका साधूने मॅसेडोनियातून एक ग्रीक हस्तलिखित आणलं, चौदा प्रकरणांचं. लेखक म्हणून नाव होतं हर्मिस ट्रिसमेजिस्टस, म्हणजे 'तिप्पट थोर' हर्मिस. हा मोझेसच्या काळातला इजिप्शियन ऋषी असल्याचा तेव्हा समज होता. कोसिमोने पदरी ठेवलेला विद्वान मार्सिलियो फिचिनो तेव्हा प्लेटोच्या भाषांतराच्या तयारीत होता. कोसिमोने सांगितलं, प्लेटो राहू दे, आधी हे कर. कोसिमो सत्तरी ओलांडलेला, आजारी होता आणि मरण्याआधी त्याला हर्मिस वाचायचा होता. फिचिनोने १४६३ मध्ये काही महिन्यांत भाषांतर हातावेगळं केलं, कोसिमो पुढच्या वर्षी गेला. १४७१ मध्ये ते छापून निघालं आणि युरोपभर त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

हर्मिसचा दबदबा किती होता ते सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये दिसतं. दारातून आत शिरलं की पायाखालच्या संगमरवरी फरशीत, १४८८ च्या सुमारास बसवलेला हर्मिस उभा आहे. उंच टोपी, दाढी, समोर ग्रंथ घ्यायला वाकलेली माणसं, आणि खाली मजकूर: मोझेसचा समकालीन. परधर्मातला एक ऋषी ख्रिस्ती देवळाच्या उंबऱ्याशी!

१६१४ मध्ये आयझॅक कासोबाँ नावाच्या भाषापंडिताने त्या पोथीचं ग्रीक तपासलं. शब्द उशिराचे, वाक्यरचना उशिराची, अधूनमधून बायबलचे पडसाद. त्याने निकाल दिला, की हे मोझेसच्या काळातलं नाही, ख्रिस्तानंतरचं आहे. हा निकाल आजही मूलतः टिकून आहे. मात्र इजिप्तशी संबंध अजिबातच नव्हता असंही नाही. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे मातीच्या रांजणात जुनी कॉप्टिक हस्तलिखितं सापडली, त्यांत हर्मिसच्या नावावरचं लेखनही होतं. म्हणजे पोथ्या इजिप्तच्याच, फक्त सांगितल्या जात होत्या तेवढ्या जुन्या नव्हेत.

'जसं वर, तसं खाली' हे आपल्या 'पिंडी ते ब्रह्मांडी' वरूनच घेतलंय ना?

हा प्रश्न विचारला जातोच. तसा पुरावा नाही. हे वाक्य हर्मिसच्याच नावावरच्या ज्या छोट्याशा मजकुरात येतं त्याला 'पाचूची पाटी' म्हणतात. तिचं सगळ्यात जुनं हाती असलेलं रूप अरबी आहे, साधारण आठव्या-नवव्या शतकातलं. बाराव्या शतकात ती लॅटिनमध्ये गेली. माणूस म्हणजे छोटं विश्व, ही कल्पना ग्रीकांकडेही स्वतंत्रपणे होती. दोन विचार सारखे दिसले म्हणजे एकाने दुसऱ्याच्या घरातून उचलला असं होत नाही. दोघांनीही आकाशाकडे पाहिलं होतं आणि आरशातही.

उधारीचं खरं उदाहरण हवं असेल तर ज्योतिषात बघा, तिथे ती उलट दिशेने झाली आहे. 'होरा' हा ग्रीक शब्द, 'केंद्र' हाही ग्रीक 'केंट्रॉन'. वराहमिहिर मेषेला 'क्रिय' आणि वृषभेला 'तावुरि' अशी पर्यायी नावं देतो, ती ग्रीक 'क्रिओस' आणि 'टाउरोस' आहेत. त्याने हे लपवलेलंही नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं त्याने सरळ लिहिलंय.

किमयागारांनी सोनं बनवलं का?

सोनं नाही बनलं. बाकी बरंच काही बनलं.

शब्दापासून सुरुवात करू. आपण 'काय किमया केलीस!' म्हणतो तो शब्द अरबी 'अल्-कीमिया' मधला. इंग्रजी 'केमिस्ट्री'ही तिथूनच आली. तांब्या-शिशाचं सोनं करणारा त्यांचा 'तत्त्वज्ञांचा खडा' म्हणजे साधारण आपला परीस.

१६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने परीस शोधण्यासाठी शेकडो लिटर मूत्र साठवून, कुजवून, आटवलं. पिवळा रंग म्हणजे सोन्याचाच अंश, हा तर्क. भांड्याच्या तळाशी उरलेल्या पदार्थातून अंधारात चमकणारं काहीतरी निघालं. तो फॉस्फरस. नोंदलेल्या इतिहासात एखाद्या माणसाच्या नावावर जमा झालेलं हे पहिलं मूलद्रव्य. दुसरा नमुना सॅक्सनीचा. तिथल्या राजाने योहान फ्रीडरिश ब्योटगर या पोरगेल्या किमयागाराला 'सोनं करून दे' म्हणून कोंडून ठेवलं. सोनं होईना, पण १७०८ मध्ये त्या कोंडवाड्यातून चिनी मातीच्या भांड्यांचं युरोपला हुलकावणी देत आलेलं गुपित बाहेर पडलं. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला आणि राजाला सोनं मिळालंच, फक्त वेगळ्या वाटेने.

न्यूटनचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं, पण शाळेत कोणी सांगत नाही. त्याने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले. 'पाचूच्या पाटी'चं इंग्रजी भाषांतरही त्याच्या हातचं आहे. ही कागदपत्रं घराण्यात पडून होती. १९३६ मध्ये लंडनला लिलाव झाला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्यातली बरीच विकत घेतली. वाचून त्याने लिहिलं, की न्यूटन हा बुद्धियुगाचा पहिला माणूस नव्हता, जादूगारांपैकी शेवटचा होता. वाक्य झकास आहे, पण मला ते अर्धंच पटतं. न्यूटनच्या डोक्यात हे दोन कप्पे वेगळे नव्हतेच. दुरून, मध्ये काही नसताना एक वस्तू दुसरीला ओढते, ही गुरुत्वाकर्षणाची कल्पना त्याच्या काही समकालीनांना जादूटोण्यासारखीच वाटली होती.

जॉन डी कोण होता? त्याचा तो जादूचा काळा आरसा खरा आहे का?

आरसा खरा आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एलिझाबेथ राणीच्या दरबारातला हा गणिती, नकाशांचा आणि नौकानयनाचा जाणकार. इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्या खासगी ग्रंथालयांपैकी एक त्याच्या घरी होतं. उतारवयाकडे झुकताना त्याने एडवर्ड केली नावाच्या माणसाला समोर बसवून स्फटिकात देवदूत पाहायला लावले आणि ते काय बोलतात याच्या वह्याच्या वह्या भरल्या.

तो आरसा म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची घासूनपुसून गुळगुळीत केलेली तबकडी. ताटलीएवढी, एका बाजूला छोटी मूठ, मुठीला भोक. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत ती काच मेक्सिकोतल्या पाचुकाची निघाली. ॲझ्टेक पुरोहितांचा आरसा लुटीच्या मालातून युरोपात आला आणि इंग्रज पंडिताच्या टेबलावर देवदूतांची वाट पाहत बसला. आता गंमत अशी, की तो डीचाच होता हेसुद्धा पुढे अठराव्या शतकात त्याच्या एका मालकाने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरून मानलं जातं.

रोझिक्रुशियन नावाची गुप्त संघटना खरंच होती का?

सुरुवातीला नव्हती. कासोबाँने हर्मिसची तारीख उघडी पाडली त्याच १६१४ साली जर्मनीतल्या कासेलमध्ये एक निनावी पत्रक छापलं गेलं. ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्झ नावाच्या भल्या माणसाने पूर्वेकडे जाऊन विद्या आणली, गुप्त बंधुसंघ स्थापला, एकशेवीस वर्षांनी त्याचं थडगं उघडलं तर देह जसाच्या तसा, अशी त्यातली कथा. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन पुस्तिका निघाल्या. तिसरीचा लेखक योहान व्हालेंटिन आंद्रेए. त्याने नंतर हा सगळा पोरखेळ होता असं म्हटलं.

पण लोकांनी खेळ मनावर घेतला. आम्हालाही सामील करून घ्या, अशी विनंती करणारी शेकडो पत्रकं युरोपभर छापली गेली. पत्ता नसल्यामुळे छापूनच विनंती करावी लागे! पुढे लोकांनी याच नावाच्या खऱ्याखुऱ्या संघटना काढल्या, त्यांतल्या काही अजून चालू आहेत. नसलेल्या संस्थेने असलेल्या संस्था जन्माला घातल्या.

आणि फ्रीमेसन? तेच जग चालवतात म्हणे.

नाही. गवंड्यांच्या जुन्या संघांतून आलेली चिन्हं आणि विधी असलेली ती एक मंडळी आहे. त्यांच्या शाखेला 'लॉज' म्हणतात. लंडनची ग्रँड लॉज परंपरेने १७१७ ची धरतात. मुंबईत १८४३ मध्ये जी लॉज निघाली तिच्यात पारशी आणि इतर हिंदी माणसांना प्रवेश होता, त्या काळी गोऱ्यांच्या क्लबात जे अशक्य होतं. या मंडळींबद्दलचं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या बऱ्याच कथा अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच राज्यक्रांतीचं खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं तेव्हा रचल्या गेल्या.

टॅरो इजिप्तहून आला का?

इटलीहून आला, पंधराव्या शतकात, आणि तेही पत्ते खेळायला. भविष्याचा काही संबंध नव्हता. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँने जाहीर केलं की हा इजिप्तच्या पुरोहितांचा लपवलेला ग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणारंही कोणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एलिफास लेव्हीने बावीस चित्रपत्त्यांना हिब्रूच्या बावीस अक्षरांशी जोडलं आणि टॅरोला कबालाचं वजन आलं.

आज दुकानात मिळतो तो ७८ पत्त्यांचा नेहमीचा संच १९०९ चा. कल्पना ए. ई. वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्यातला 'जादूगार' काढून बघा. पांढऱ्या अंगरख्यावर लाल झगा, उजवा हात वर, त्यात छडी, डाव्या हाताचं बोट जमिनीकडे. 'जसं वर, तसं खाली' हे इथे हातवाऱ्यात बसवलंय. डोक्यावर आडवा पडलेला आठाचा आकडा, कमरेला स्वतःचीच शेपटी गिळणारा साप, टेबलावर पेला, तलवार, दंड आणि नाणं. आता जुन्या इटालियन-फ्रेंच संचातला हाच पत्ता शेजारी ठेवा. तिथे जत्रेत टेबल मांडून वाट्या-गोळ्यांचा खेळ करणारा एक हातचलाख माणूस उभा आहे. चारशे वर्षांत गारुड्याचा पुरोहित झाला.

पामेलाने त्या वर्षी एका पत्रात लिहिलंय, की काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे. तिची चित्रं तेव्हापासून जगभर छापली जात आहेत, ती स्वतः १९५१ मध्ये वारली तेव्हा कर्जात होती.

प्लँचेटवर वाटी कोण हलवतं?

तुम्ही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटावर खडूने अक्षरं काढून वाटी फिरवलेली अर्धी पिढी हे मान्य करणार नाही, पण तुम्हीच.

न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी ३१ मार्च १८४८ च्या रात्री फॉक्स बहिणींच्या घरात ठकठक ऐकू येऊ लागली आणि मृतात्म्यांशी बोलण्याची लाट अमेरिकेतून युरोपात पसरली. १८५३ मध्ये मायकल फॅरडे वैतागला. टेबलाभोवती हात ठेवून बसलं की टेबल फिरतं, हे त्याने तपासायचं ठरवलं. टेबल आणि हात यांच्यामध्ये किंचित सरकतील असे पुठ्ठ्याचे थर घातले. हात ओढले जात असतील तर खालचा थर आधी सरकेल, हात ढकलत असतील तर वरचा. वरचा थर आधी सरकला. बसलेले लोक लबाड नव्हते, आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारा काटा बसवला. काटा डोळ्यांसमोर आल्याबरोबर टेबल फिरायचं थांबलं!

१८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून 'ती ठकठक ही' असं दाखवलं. नंतर तिने कबुली मागे घेतली. पुढे १८९१ मध्ये उईजा बोर्डचं, म्हणजे प्लँचेटच्या अक्षरांच्या तयार फळीचं, पेटंटही निघालं, खेळणं म्हणून.

थिऑसॉफीचा मुंबईशी काय संबंध?

फार जवळचा. थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन गूढज्ञान आहे असं मानणारी चळवळ. तिची सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली. हेलेना ब्लाव्हॅट्स्की ही रशियन बाई आणि कर्नल ऑल्कॉट हा अमेरिकन वकील, दोघं १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईला उतरली आणि गिरगावात बिऱ्हाड केलं. ऑल्कॉटचं पहिलं जाहीर व्याख्यान मार्चमध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये झालं. ऑक्टोबरात त्यांचं मासिक सुरू झालं. डिसेंबर १८८२ मध्ये मुक्काम मद्रासजवळच्या अड्यारला हलला.

तुमच्या विद्या आमच्यापेक्षा थोर आहेत, असं एक गोरा माणूस भर सभेत सांगतोय, हे १८७९ च्या मुंबईत काय वाटलं असेल याचा विचार करा. मिशनऱ्यांची पुस्तकं उलटंच सांगत होती. ओढले गेलेल्यांत तुकाराम तात्या पडवळ होते. 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे हेच, ज्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली. तात्यांनी सोसायटीच्या नावाने पातंजल योगसूत्रं इंग्रजीतून छापली आणि तुकोबांच्या अभंगांचा मोठा संग्रहही. जातिभेदावर कोरडे ओढणारा माणूस गूढविद्येच्या मांडवात कसा, असं आज वाटतं. सोसायटीच्या पहिल्याच उद्दिष्टात वंश, धर्म, जात न मानणाऱ्या बंधुभावाची भाषा होती, त्यात उत्तर असावं.

चमत्कारांचं मात्र फसलं. ब्लाव्हॅट्स्कीच्या न दिसणाऱ्या गुरूंची, 'महात्म्यां'ची, पत्रं म्हणे छतातून पडायची. १८८५ मध्ये असे चमत्कार तपासणाऱ्या लंडनच्या एका संस्थेने ब्लाव्हॅट्स्कीला लबाड ठरवलं. त्या तपासाची पद्धतच सदोष होती अशी टीका १९८६ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात छापून आली, पण तोवर शंभर वर्षं गेली होती.

राजकारणात परिणाम कुठे झाला? ॲलन ह्यूम काही काळ थिऑसॉफिस्ट होता, म्हणून काँग्रेसच थिऑसॉफीने काढली असं म्हणणं ताणलेलं आहे. गांधीजींचं उदाहरण अधिक पक्कं. १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये दोन थिऑसॉफिस्टांनी त्यांना आपल्याबरोबर गीता वाचायला बोलावलं, तेव्हा गीता आपण वाचलेलीच नाही याची त्यांना लाज वाटली. ते स्वतःच हे सांगतात. आणि थिऑसॉफिस्ट ॲनी बेझंट: एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली, सप्टेंबरात बेझंटबाईंची. दोघांनी मुलूख वाटून घेतला. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत, वऱ्हाड टिळकांकडे, मुंबई शहर धरून बाकीचा देश बाईंकडे. पुढच्या वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

सात चक्रांचे सात रंग तरी आपलेच ना?

चक्रं आपली, इंद्रधनुष्य त्यांचं. 'षट्चक्रनिरूपण' हा सोळाव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यात मणिपूर भरून आलेल्या मेघासारखं काळसर आहे, अनाहत बंधूक फुलासारखं लाल, आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. नाथपंथी 'सिद्धसिद्धान्तपद्धती' तर नऊ चक्रं सांगते. जॉन वुड्रॉफने पहिल्या ग्रंथाचं इंग्रजी १९१९ मध्ये काढलं, थिऑसॉफिस्ट लेडबीटरने १९२७ मध्ये स्वतःला 'दिसलेली' रंगीत चक्रं छापली आणि तळाशी तांबडा ते टाळूवर जांभळा हा क्रम १९७० च्या दशकात अमेरिकेत पक्का झाला. आता तोच तक्ता 'पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान' म्हणून फॅमिली ग्रुपवर येतो. आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी हे लिहिलं. मावशीने हात जोडल्याची इमोजी टाकली आणि तक्ता पुन्हा पाठवला.

किरो कोकणात शिकला, हे खरं का?

त्याने तसं लिहून ठेवलंय. किरो म्हणजे हात पाहून भविष्य सांगणारा, खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, आयर्लंडचा, जन्म १८६६. तरुणपणी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलो, एका चित्पावन ब्राह्मणाने कोकणातल्या आपल्या गावी नेलं, तिथे हातांची जुनी पोथी दाखवली, अशी त्याची हकिगत. स्वतःला 'काउंट' म्हणवून घेणाऱ्या या गृहस्थाच्या शब्दापलीकडे तिला आधार नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी कोकण म्हणजे इजिप्तच.

कलेवर काय परिणाम झाला?

अमूर्त चित्रकला याच्याशिवाय समजत नाही. कँडिन्स्कीने कलेतल्या अध्यात्मावरच्या आपल्या पुस्तकात ब्लाव्हॅट्स्कीचं नाव घेतलंय. मोंड्रियान १९०९ मध्ये सोसायटीचा सभासद झाला. त्या दोघांच्याही आधी, १९०६ पासून, स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट आत्म्यांच्या सांगण्यावरून अमूर्त चित्रं काढत होती, मंदिरासाठी म्हणून १९३. मृत्यूनंतर वीस वर्षं दाखवू नका, असं तिने सांगून ठेवलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने ती लावली, तेव्हा सहा लाखांहून जास्त लोक आले.

कवितेत डब्ल्यू. बी. येट्स. १८९० मध्ये तो लंडनच्या गोल्डन डॉन या गूढ विधी करणाऱ्या मंडळीत शिरला आणि जन्मभर या विद्येतून पूर्ण बाहेर आला नाही.

हिटलर गूढविद्येचा भक्त होता ना?

सिनेमात. खरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. ब्लाव्हॅट्स्कीच्या 'मूळ वंशां'च्या कल्पनेला ऑस्ट्रियात गीडो फॉन लिस्ट आणि लांत्स फॉन लीबेनफेल्स यांनी आर्य वंशश्रेष्ठत्वाचा विषारी रंग दिला. म्युनिकच्या थूल सोसायटीतली माणसं नाझी पक्षाच्या पूर्वसुरींत होती. पण सत्तेवर आल्यावर नाझींनी फ्रीमेसन लॉज बंद केल्या, थिऑसॉफीवर बंदी आणली आणि मे १९४१ मध्ये हिटलरचा उपनेता हेस विमानाने स्कॉटलंडला पळाल्यावर ज्योतिष्यांची धरपकड केली. कल्पना उचलल्या, माणसं चिरडली.

हा विषय विद्यापीठात शिकवतात का?

हो. पॅरिसमध्ये १९६५ पासून आणि ॲम्स्टरडॅममध्ये १९९९ पासून यासाठी स्वतंत्र अध्यासन आहे. तिथे मंत्र शिकवत नाहीत, लॅटिन शिकवतात.

मुंबईत याच्या खुणा बघायला मिळतील?

एका दुपारचं काम आहे. फोर्टात स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसन्स हॉल. तिथून न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉल. पुढे चौपाटीकडे फ्रेंच ब्रिजपाशी ब्लाव्हॅट्स्की लॉजची इमारत. गिरगाव वाटेतच आहे. वरळीच्या सिग्नलला अडकलात तर निळ्या पाटीकडे बघा, रस्ता ॲनी बेझंटचा आहे.